सही, निशाणी आणि निशाण

चेन्नईत नोव्हेंबर म्हणजे पाऊस आणि हयातीचे दाखले. आपल्याकडे गणपती-नवरात्र उरकून पाऊस निघून जातो, तेव्हा इथे तो नुकता बस्तान बसवत असतो. आणि ऐन त्या पावसात निवृत्त जवान आणि त्यांच्या विधवा, गुडघाभर पाण्यातून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून, आपण जिवंत आहोत हे सांगायला येतात.

गेल्या वर्षी आमच्या इथे त्यांच्यासाठी मदतीचं टेबल मांडलं होतं. दुपारी सुभेदार साहेब माझ्याकडे आले. "सर, एक अम्मा है. अंगूठा मॅच नहीं हो रहा." मी गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई, तिरुवन्नामलैकडच्या खेड्यातून दोन बस बदलून आलेली. नवरा मद्रास रेजिमेंटचा नायक, जाऊन अकरा वर्षं झालेली. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर तिने दहाही बोटं आळीपाळीने ठेवून पाहिली होती. यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी. मी तिचा अंगठा हातात घेऊन पाहिला. भाताची लावणी, वीटभट्टी, राखेने घासलेली भांडी. रेघा उरल्याच नव्हत्या, अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र त्या दिवशी नव्हतं, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

शेवटी जुनी पद्धत काढली. कागदाचा फॉर्म, निळं स्टँपपॅड, त्यावर तिचा अंगठा आणि खाली ओळख पटल्याबद्दल माझी सही. तेव्हा ती सुभेदार साहेबांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. ते हसले, मग जरा संकोचून त्यांनी मला सांगितलं, "सर, अम्मा पूछ रही है, हाथ मेरा है, तो इस साहब के नाम की क्या ज़रूरत?"

मी वर्दीत वीसेक वर्षं काढली आहेत. दिवसाला पन्नास-साठ सह्या करतो. कोतमधून निघालेल्या रायफलीपासून मेसच्या बिलापर्यंत सगळीकडे माझं नाव गिरमिटलेलं असतं. पण अम्माच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायचं म्हणून 'सही' या शब्दाच्या मागे लागलो. रविवार बरे गेले.

आधी आपलाच शब्द घेऊ. सही हा मुळात अरबी 'सहीह'. अर्थ: बरोबर, खरं, निर्दोष. म्हणजे 'सही' हे नाव नव्हेच, तो शेरा आहे. मजकूर वाचला, बरोबर आहे, मान्य आहे. पुढे शेरा मागे पडला आणि शेरा मारणाऱ्याचं नाव लिहिण्यालाच आपण सही म्हणू लागलो. त्याच अरबी शब्दाचा दुसरा अर्थ आहे धडधाकट, निरोगी. आपल्या 'सहीसलामत'मध्ये तो अजून जिवंत आहे. एका दृष्टीने हयातीच्या दाखल्यावरची सही ही जगातली सर्वांत शब्दशः सही म्हणायला हवी.

दस्तखत फारसी: दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिखाण. 'दस्तुरखुद्द' हा शब्द आज वर्तमानपत्रवाले 'दस्तुरखुद्द मुख्यमंत्री हजर होते' असा वापरतात, पण तो आला आहे जुन्या कागदांच्या शेवटच्या ओळीतून. 'दस्तुर खुद्द' म्हणजे हे अक्षर माझ्या स्वतःच्या हातचं, कारकुनाचं नव्हे. हस्ताक्षर या शब्दाने मात्र मला एकदा तोंडघशी पाडलं आहे. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण. खडकवासल्याला एनडीएत पहिल्याच आठवड्यात एका हिंदी फॉर्मवर 'हस्ताक्षर' असा रकाना दिसला. अक्षराचा नमुना हवा असेल, अशा समजुतीने मी त्या चिमुकल्या चौकटीत शाळेत गिरवलेलं एक अख्खं वाक्य वळणदार अक्षरात बसवलं. पुढचा अर्धा तास मी 'फ्रंट रोल' मारत होतो. तेव्हापासून सही लहान करतो.

आता इंग्रजी सिग्नेचर. याचं मूळ लॅटिन 'सिग्नम', म्हणजे खूण. इथपर्यंत कोणताही शब्दकोश सांगतो. पण रोमन सैन्यात सिग्नम ही एक अगदी ठरावीक वस्तू होती: पलटणीच्या तुकडीचं निशाण. उंच काठी, तिच्यावर बिल्ले, कड्या, कधी वर उघडा पंजा. धुळीत आणि गोंधळात शिपाई त्या काठीकडे पाहून आपली जागा ओळखत. ती धरणारा तो 'सिग्निफर', आणि त्याच्याकडे आणखी एक काम असे. शिपायांच्या पगारातून बाजूला टाकलेली बचत तोच सांभाळी, तिचा हिशेब तोच ठेवी. का, ते कोणाही जवानाला विचारा. जो माणूस निशाण सोडून पळणार नाही, तो पैसे घेऊनही पळणार नाही.

या एका 'सिग्नम'चं गोत आमच्या छावणीत सगळीकडे पसरलेलं आहे. 'सिग्नल' त्यातला. खांद्यावरचं 'इनसिग्निया' त्यातलं. 'सील' म्हणजे मोहर, ही 'सिजिलम'वरून, म्हणजे छोटं सिग्नम. 'रिझाइन' करणं म्हणजे मुळात मोहर फोडणं, केलेला करार रद्द करणं. 'काउंटरसाइन'ला मुलकी कचेरीत अर्थ आहे दुसऱ्याच्या सहीवर सही, आणि पहाऱ्यावरच्या जवानाला अर्थ आहे परवलीच्या शब्दाचं उत्तर. दोन्हीकडे प्रश्न एकच, तू आपल्यातला आहेस कशावरून. आणि एनसाइन, म्हणजे निशाण, आणि निशाण धरणारा सर्वांत धाकटा अधिकारीही.

हा शेवटचा शब्द चेन्नईत राहून टाळता येत नाही. सेंट जॉर्ज किल्ल्यात आज तमिळनाडूचं सचिवालय आहे, शेजारी लष्कराच्या इमारती आहेत. कामासाठी माझ्या तिथे खेपा होतात. १७४४ साली इथे एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा कंपनीचा 'रायटर' म्हणून उतरला. रायटर म्हणजे कारकून, खर्डेघाशी करणारा. तीन वर्षांनी, १७४७ मध्ये, त्याने लेखणी खाली ठेवली आणि एनसाइनची नेमणूक घेतली. नाव रॉबर्ट क्लाइव्ह. त्याचं पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला कौतुक नाही. पण एकाच माणसाच्या कारकिर्दीत सही आणि निशाण इतके जवळ आलेले दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाहीत.

त्याच किल्ल्याला आमच्या थोरल्या महाराजांचंही पत्र आलेलं आहे. १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या स्वारीत असताना, शिवाजी महाराजांनी एका ब्राह्मण वकिलाबरोबर मद्रासच्या इंग्रजांकडे पत्र पाठवून विषावरचे उतारे मागवले. इंग्रजांनी ते घाबरत घाबरत भेट म्हणून दिले. पुढे महाराजांनी कारागीर मागितले, तेव्हा मात्र त्यांनी गोड शब्दांत नकार कळवला. महाराजांच्या दफ्तराची रीत आपण जाणतोच. राजा कागदाखाली नाव लिहीत नसे. माथ्यावर अष्टकोनी संस्कृत मुद्रा, आणि मजकूर संपला की तिथे छोटा शिक्का, मोर्तब. त्यावरच्या शब्दांचा आशय एवढाच की इथे मर्यादा आहे. त्या शिक्क्याखाली कुणी एक ओळ वाढवली तर ती राजाची नव्हे. आजही मी कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारून मगच सही करतो, ते तेच. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण फार सैल वापरतो. तो मुळात कागदाची तटबंदी होता.

गंमत अशी की त्याच १६७७ साली लंडनच्या पार्लमेंटने एक कायदा केला. जमिनीचे आणि काही ठरावीक व्यवहार तोंडी चालणार नाहीत, ते लेखी हवेत आणि त्यावर संबंधिताची सही हवी. खोट्या साक्षींचा सुळसुळाट झाला होता, त्यावरचा तो इलाज. त्या कायद्याची छाया पुढे आपल्या कचेऱ्यांवरही पडली. महाराज कर्नाटकात मुद्रेनं कारभार हाकत होते, त्या वर्षी तिकडे सहीचं राज्य सुरू होत होतं.

पण मुद्रा राजाची. रयतेचं काय? इथे मला आमच्या घरातला एक कागद आठवतो. पणजोबांच्या ट्रंकेत जुन्या वाटणीपत्राची नक्कल होती. खाली साक्षीदारांची नावं आणि दर नावापुढे 'निशाणी नांगर'. लहानपणी मला वाटे नांगर हे आडनाव आहे. आजोबांनी समजावलं, अरे, कुणब्याला लिहिता येत नसे, तो नांगर काढी. चार रेघा, पण बघणाऱ्याला कळे. शिपाईगडी कट्यार काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती, बाईमाणूस बांगडी. नाव कारकून लिही, पण खरी सही ती आकृती.

जुन्या मराठी महजरांत या निशाण्या पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. नांगर काढणारा पाटील आणि मोडीत नाव लिहिणारा कुलकर्णी एकाच कागदावर, एकाच वजनाने उभे असतात. नांगर ही लाजेची गोष्ट नव्हती. मी कोण, तर मी जमीन कसणारा, आणि जमिनीच्या कागदावर याहून चांगली ओळख कुठली? तिथे अक्षर येतं का हा प्रश्नच नव्हता. तू या शब्दामागे उभा राहशील का, एवढंच विचारायचं होतं.

निशाणी आणि निशाण हे दोन शब्द मी आयुष्यभर वेगळे वापरले. निशाण म्हणजे जरीपटका, भगवं, पलटणीचे रंग. आमच्या परेडच्या हिंदीत तर कलर पार्टीला 'निशान टोली'च म्हणतात. निशाणी म्हणजे अडाण्याची सही. दोन्ही एकाच फारसी 'निशान'ची लेकरं आहेत हे चाळिशी उलटल्यावर ध्यानात आलं. म्हणजे रोमन माणसाने जी जोडी लावली, तीच आपल्याही भाषेने लावून ठेवली होती. सुभेदार साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, सर, हमारे यहाँ भी. तमिळमध्ये सहीला 'कैय्येळुत्तु' म्हणतात, हाताचं अक्षर. आणि अंगठ्याला 'कैनाट्टु'. कै म्हणजे हात, आणि 'नाट्टु' म्हणजे रोवणे. खांब रोवतात, झेंडा रोवतात, त्याला वापरायचं तेच क्रियापद. अम्मा फॉर्मवर अंगठा उमटवत नव्हती, हात रोवत होती.

(आमच्या पेशात सिग्नेचरला आणखी एक अर्थ आहे, आणि तो नेमका उलटा. रणगाड्याच्या इंजिनाची उष्णता, पाणबुडीच्या पंख्याचा आवाज, विमानाची रडारवरची सावली, या सगळ्यांना सिग्नेचर म्हणतात. बाकी जग सही मिरवतं, आम्ही ती पुसायला शिकतो. जाळी टाका, चूल विझवा, रेडिओ बंद ठेवा. शत्रूला आपली सही मिळाली की तोफगोळा यायला वेळ लागत नाही.)

मग नांगराचा अंगठा कधी झाला? याला एक तारीख सापडते. २८ जुलै १८५८, बंगालमधलं जंगीपूर. बंडाची धग अजून विझली नव्हती. विल्यम हर्शेल या कंपनीच्या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा ठेका राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला, आणि सहीच्या ऐवजी कागदाच्या पाठीवर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. त्यामागे तेव्हा शास्त्र वगैरे काही नव्हतं. हर्शेलने स्वतःच लिहून ठेवलंय की सही नाकारण्याचा विचारही याच्या मनात येऊ नये म्हणून त्याला धाक घालायचा होता. शास्त्र नंतर आलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग उघडला. ठशांची वर्गवारी बसवण्यात मोठा वाटा अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा, पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. सहीचा इतिहास लिहिताना हेही नोंदवून ठेवावं.

नांगर माणूस स्वतः काढत असे. ठसा त्याच्याकडून घेतला जाऊ लागला. फरक बारीक वाटेल, पण 'अंगठाबहाद्दर' ही शिवी त्यातूनच आली आहे. 'नांगरबहाद्दर' अशी शिवी मराठीत कधी नव्हती.

हे सगळं डोक्यात घोळत असताना डिसेंबरात दोन दिवसांची सुट्टी काढून तंजावरला गेलो. चेन्नईत पोस्टिंग असलेल्या मराठी माणसाने ते न पाहता परत जाऊ नये. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटांपुढे बराच वेळ उभा राहिलो. दुसऱ्या सरफोजी राजांनी युरोपातून हजारो पुस्तकं मागवली, आणि कित्येक पुस्तकांवर त्यांची स्वतःची, इंग्रजीत केलेली सही आहे. भोसल्यांच्या घराण्यातला राजा. त्याच गावच्या बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली त्यांनी आपल्या कुळाचा सबंध इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. आणि पुस्तकावर मात्र मुद्रा नाही, मोर्तब नाही, साधी रोमन लिपीतली सही, एखाद्या विद्यार्थ्याने वहीवर करावी तशी.

ते इंग्रजी शिकले श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याकडून. गादीच्या भांडणात जिवाला धोका म्हणून त्यांना १७९० च्या दशकात काही वर्षं मद्रासला ठेवलं होतं, शिक्षणाचा काही भाग तिथलाच. १७९८ मध्ये गादी मिळाली. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ ला, कंपनीने त्यांच्यापुढे तहाचा कागद ठेवला. राज्याचा कारभार कंपनीकडे; राजाकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. त्या कागदानंतर १८३२ पर्यंत, मरेपर्यंत, ते राजा राहिले आणि राज्य नव्हतं. त्या तेहतीस वर्षांत त्यांनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसकट नोंदी ठेवल्या, आणि पुस्तकांवर सह्या करत राहिले.

त्या कपाटापुढे उभं राहून मला राग आला होता, हे कबूल करतो. फौजी माणसाला एका सहीत राज्य देऊन टाकणारा राजा पटत नाही. लढायचं होतं, असं वाटतं. मग मीच मला विचारलं, कशाच्या जोरावर? श्रीरंगपट्टण त्याच वर्षीच्या मे महिन्यात पडलं होतं, टिपू मारला गेला होता. कंपनीची पलटण तंजावरात बसलेली. बावीस वर्षांच्या त्या पोराच्या हातात एकच निवड होती, सही करायची की दुसऱ्या कुणाला तरी गादीवर बसवून त्याच्याकडून करून घेऊ द्यायची. राज्यावरची सही सक्तीची होती. पुस्तकांवरच्या सह्या मात्र त्यांच्या स्वतःच्या. हे त्यांचं आहे आणि ते त्यामागे उभे आहेत, असं म्हणता यावं अशी दुसरी जागा त्यांना फारशी उरलेली नव्हती. नांगर काढणाऱ्या कुणब्याहून त्या सह्या मला फार लांबच्या वाटल्या नाहीत.

तहाच्या कागदाने घराण्याला तारलं का? नाही. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्यपदच नव्हे, खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. तिथे १८५९ मध्ये निकाल फिरला: ही राजसत्तेची कृती आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी तो खटला आजही वाचतात. मी तो वाचताना तंजावरच्या राणीऐवजी तिरुवन्नामलैची अम्मा पाहत होतो. कागद माझा आहे, हात माझा आहे, मग तुझ्या होकाराची गरज का?

किल्ल्यातल्या संग्रहालयात १५ ऑगस्ट १९४७ ला सेंट जॉर्ज किल्ल्यावर फडकलेला रेशमी तिरंगा जपून ठेवला आहे. तंजावरहून परतल्यावर पुन्हा एकदा पाहून आलो. अंधाऱ्या खोलीत, काचेमागे, रंग थोडे उतरलेले. त्याच्यावर कुणाचीही सही नाही.

अम्माला त्या दिवशी मी काय सांगितलं ते राहिलं. मी सुभेदार साहेबांना म्हटलं, तिला सांगा, कागदाला माझं नाव लागतं ते तिच्यासाठी नव्हे. उद्या कुणी विचारलं तर पकडायला एक माणूस हवा, तो मी. हे तमिळमध्ये कितपत पोचलं कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवरच्या माझ्या सहीकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याच्या ठशाकडे. कागदावर नुसता एक निळा डाग होता, एकही रेघ नसलेला. तिने अंगठ्याची शाई केसांना पुसली, पिशवीला गाठ मारली आणि पाऊस थांबायची वाट न पाहता निघाली.

सुभेदार साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.